साचा आणि वडी

मराठी समीक्षेत 'साचा' हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच येतो. कथा साचेबद्ध आहे, पात्रे साच्यातून काढल्यासारखी आहेत, कवीने रूढ साचा मोडला आहे, अशी वाक्ये आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत दर वर्षी सापडतात आणि ती आम्हीच, अध्यापकांनी, त्यांच्या हाती दिलेली असतात. साचा मोडणे ही प्रतिभेची खूण आणि साच्यात बसणे ही तिच्या अभावाची, एवढे समीकरण एकदा पाठ झाले की साचा म्हणजे नेमके काय, त्यात वस्तू कशी बसते आणि त्यातून ती कशी सुटते, याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. मलाही ते कारण वाङ्मयाने दिले नाही. ते दिले नांदेडच्या माझ्या मावशीने आणि तिच्या घरी प्लॅस्टिकच्या साच्यांत अडकून बसलेल्या साबणाने.

मावशीचे माहेर, म्हणजे माझे आजोळ, लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात, सासर नांदेडचे. काका गेल्यानंतर गल्लीतल्या बायकांनी तिला आपल्या बचत गटात ओढले. पापड, शेवया, लोणची, मसाले हे सगळेच गट करतात. त्यामुळे प्रदर्शन भरले की एका गटाच्या बायकांनी दुसऱ्या गटाचे पापड घ्यायचे आणि आपले त्यांना द्यायचे, असा प्रकार होतो. यातून बाहेर पडण्यासाठी कोणीतरी साबणाची कल्पना काढली. पाच दिवसांच्या एका प्रशिक्षणाला चौघी जाऊन आल्या आणि येताना एक छापील कृती, रबरी हातमोजे, लहान काटा आणि कडक, पारदर्शक प्लॅस्टिकचे बारा साचे घेऊन आल्या. गुलाब, कमळ, शंख, बदाम. दहाजणींची काही महिन्यांची शिल्लक त्यात गेली होती, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावे.

कृती थोडक्यात अशी. कॉस्टिक सोडा तोलून हळूहळू पाण्यात सोडायचा. सोड्यावर पाणी ओतायचे नाही, ते उसळून अंगावर येते. द्रावण पाहता पाहता हात लावता येणार नाही इतके तापते. भांडे स्टीलचेच हवे, जर्मलचे पातेले चालत नाही, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. द्रावण निवाले की ते कोमट तेलात धार धरून ओतायचे आणि घोटत राहायचे. आधी ताकासारखे असणारे मिश्रण कढीसारखे, मग पिठल्यासारखे दाट होत जाते. वर ओढलेली रेघ जराशी टिकून राहू लागली की ते साच्यात ओतायचे. एकदोन दिवसांनी साच्यातून काढायचे आणि चार ते सहा आठवडे सावलीत, वाऱ्यावर ठेवायचे. या अवधीत तेल तेल राहत नाही, सोडा सोडा राहत नाही. दोघांचे मिळून साबण आणि ग्लिसरीन होते. स्निग्ध पदार्थांच्या या घडणीचा उलगडा शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. साबण त्याच्या कितीतरी शतके आधीपासून होत होता. 'साबण' हा आपला शब्दही अरबी 'साबून'वरून आलेला आहे, आणि नांदेडच्या दखनी बोलीत तो अजून 'साबुन' असाच ऐकू येतो.

अडचण आली ती काढण्याच्या वेळी. दोन दिवसांनी साचा उलटा करून ठोकला, तर गुलाब आतच. चार बोटांनी दाबला, तर मधला भाग बाहेर आणि पाकळ्या साच्याला चिकटलेल्या. शंखाची टोके राहिली. बदामाची कडा फाटली. वजनाला साबण बरोबर होता, गुणाला बरोबर होता, फक्त त्याला आकार नव्हता. प्रदर्शनात असा साबण कोण घेणार? गटातल्या बायकांनी तो आपापल्या घरी धुण्याला वापरला.

मी त्या दिवाळीच्या सुटीत तिथे होते. हातातला साचा घेऊन मी कडा मागे ओढत होते, तेव्हा मावशी म्हणाली, "कामून ओढायलीस गं? ओढून निघत नसतंय ते. सुटलं मंजे आपोआप सुटतंय."

भाषेच्या अध्यापकाला या वाक्यापाशी थांबणे भाग होते. 'सुटणे' आणि 'सोडवणे' या दोन क्रियापदांमध्ये मराठीने केवढे अंतर ठेवले आहे. गाठ सोडवतात, गणित सोडवतात, भांडण सोडवतात. तिथे कर्ता बाहेरचा असतो. गाडी सुटते, वारा सुटतो, ताप उतरताना घाम सुटतो. तिथे जे काही घडते ते त्या वस्तूच्या आत घडते आणि आपण ते घडल्यावर पाहतो. साबणाच्या बाबतीत प्रशिक्षणाच्या कागदावर 'साबण साच्यातून काढावा' असे लिहिले होते. मावशीच्या मते तो काढायचा नव्हता, तो सुटायला हवा होता. हा नुसता शब्दांचा खेळ नाही, हे पुढे त्याच्या कारणांत शिरल्यावर कळले.

साबण साच्याला चिकटतो याची कारणे मुख्यतः दोन. एक साच्याकडचे. कडक प्लॅस्टिक वाकत नाही, पाणी शोषत नाही, त्यातून हवा आत-बाहेर होत नाही. साबणाचा जो भाग प्लॅस्टिकला टेकलेला असतो तो त्यामुळे सर्वांत शेवटपर्यंत ओला राहतो. आणि साबण व भिंत यांच्यामध्ये हवा नसल्याने तो तळाशी ओढून धरल्यासारखा बसतो. एका कडेने हवा आत शिरली की तोच साबण अलगद खाली येतो. दुसरे कारण साबणाकडचे. तो पुरेसा आळलेला नसतो. पाणी उडाले की साबण किंचित आकसतो, आणि त्या केसभर आकसण्यातच त्याची सुटका असते.

मग उपाय सुरू झाले. पहिला, वाट पाहण्याचा. दोनऐवजी पाच दिवस, सात दिवस. दुसरा, साचे तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याचा. थंडीने साबण कडक होतो आणि बाहेर काढल्यावर पृष्ठभागावर जे दव धरते त्याने तो निसटतो. उपाय चांगला, पण वीज गेली की फ्रीज म्हणजे नुसते कपाट. तिसरा, द्रावणात मीठ घालण्याचा. अर्धा किलो तेलाला चमचाभर मीठ पाण्यात आधी विरघळवून घेतले की वडी लवकर घट्ट होते. थंडीच्या दिवसांत मावशी ओतलेले साचे वाकळीत गुंडाळून ठेवू लागली. आतली ऊब टिकली की तेल आणि सोडा यांचे काम जोरात चालते आणि साबण लवकर आळतो. बाळंतिणीची खोली आणि साबणाचे साचे यांना एकच वाकळ, असे म्हणून बायका हसत.

चौथा उपाय साच्याला आतून काहीतरी लावण्याचा. यात एक मोठी मजेची गोष्ट कळली. साच्याला खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावले तर पुष्कळदा उपयोग होत नाही, कारण न उरलेल्या सोड्याशी तेही जुळते आणि त्याचाही साबण होऊन बसतो. लावायचे ते लिक्विड पॅराफिन, जे खनिज आहे, सोड्याशी ज्याचे काही देणेघेणे नाही. दोघांच्या मध्ये जो उभा राहतो तो दोघांपैकी कोणाचाही नसावा लागतो. घरगुती भांडणे मिटवणाऱ्या मावशीला हे नव्याने सांगावे लागले नाही.

एवढे सगळे करूनही गुलाब सुटत नव्हता. तेव्हा मात्र बोट तेलाकडे गेले.

छापील कृतीत तेले होती खोबरेल आणि पामतेल. मावशी वापरत होती करडईचे. गटातल्या एका तरुण मुलीने, जिचे शिक्षण विज्ञान शाखेत झाले होते, हा फरक सगळ्यांना समजावून सांगितला आणि मलाही. खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचे रेणू सरळ, आखूड. ते एकमेकांना लागून दाट बसतात, म्हणून खोबरेलाचा साबण दगडासारखा होतो आणि एका दिवसात साच्यातून टणकन पडतो. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल. त्याचे रेणू वाकडे, एकमेकांत नीट बसत नाहीत. साबण मऊ होतो, आळायला दिवस घेतो आणि फार ठेवला तर खवटतो, त्यावर नारिंगी ठिपके पडतात. सोयाबीनची जात साधारण हीच. शंभर ग्रॅम खोबरेलाला अठरा ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक लागते, करडईला साडेतेरा. म्हणजे कृतीतले एक तेल काढून दुसरे घालायचे तर सोड्याचा हिशेबही नव्याने मांडावा लागतो. तो मावशीने मांडला होता. पण साचा मात्र कोकणाच्या आणि केरळच्या तेलासाठी असावा तसा होता, आणि त्यात ओतले जात होते मराठवाड्याचे.

करडई हे आमचे जुने तेल. कोरडवाहू काळ्या रानात, रब्बीत, जमिनीतल्या ओलीवर येणारे पीक. मुळे खोल जातात, म्हणून पावसाने दगा दिला तरी ती तग धरते. पाने काटेरी. ज्वारीच्या कडेने करडईच्या चार ओळी पेरल्या की गुरे आत शिरत नाहीत, आणि काढणी पहाटे करायची, कारण दवाने काटे जरा नरम असतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'शारदा' आणि 'परभणी कुसुम' असे वाण दिले. लातूरला गळीतधान्याचे संशोधन केंद्र आहे. पण गेल्या तीनेक दशकांत लातूर आणि नांदेडच्या रानांत सोयाबीन पसरले, आणि करडई कडेला गेली. आधी तुकडा होता, मग पट्टा, मग बांधालगतच्या ओळी. काटे सोसून पहाटे काढणीला येणारी माणसेही मिळेनाशी झाली.

माझ्या मामाच्या रानातही तेच झाले. पण त्याने चार ओळी ठेवल्या, आणि त्या मावशीसाठी ठेवल्या. आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी मावशीने आणि माझ्या आईने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. महाराष्ट्रात मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती १९९४ची, केंद्राची २००५ची. पण कायदा झाला म्हणून बहिणी भावाकडे वाटा मागू लागल्या, असे आमच्याकडे सहसा घडले नाही. तहसीलच्या आवारात सह्या झाल्या, मामीने दोघींना लुगडी नेसवली. कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही. तेव्हापासून दर भाऊबीजेला मामा नांदेडला जातो आणि घाण्यावरून काढलेल्या करडईच्या तेलाचा पंधरा किलोचा एक डबा मावशीच्या दारात ठेवतो. आईलाही देत असे. आई गेल्यावर तो माझ्याकडे येतो.

गटाच्या बैठकीत जेव्हा ठरू लागले की करडई बंद करावी, पाम आणि खोबरेल आणावे, तेव्हा मावशी गप्प बसली. ती गटाशी वाद घालणारी नाही. तसा वादाला मुद्दाही नव्हता. घाण्याचे करडईचे तेल बाजारात विकत घ्यायचे म्हटले तर त्याच्या साबणाचा हिशेबच जुळणार नाही. ते मावशीकडे फुकट येते म्हणूनच परवडते. आणि एका डब्यावर दहाजणींचा धंदा चालत नाही. हे तिलाही दिसत होते. पण ज्या रानावरचे नाव तिने आपल्या सहीने सोडले, त्या रानातून वर्षाला येणारी ती एवढीच वस्तू होती, आणि तीच साच्यात बसत नाही असे सगळ्या म्हणत होत्या. रात्री ती मला एवढेच म्हणाली, "खायाला घालते सगळ्यायला, तर चांगलंय मनतेत. साबणाला घातलं तर मऊ पडतंय मनतेत. तेल तर तेच हाय की गं."

त्या रात्रीपासून मी साच्यांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागले. साचा म्हणजे एकच गोष्ट नव्हे. आमच्याच भागात किती परीचे साचे आहेत. होळी-पाडव्याला लागणाऱ्या साखरेच्या गाठींचा साचा लाकडाचा असतो, दोन फळ्यांचा. तो आधी पाण्यात भिजवतात, मध्ये दोरा ठेवतात, कढत पाक ओततात, आणि थोड्या वेळाने फळ्या उकलतात. सबंध हार अखंड बाहेर येतो. तिथे साचा स्वतः उघडतो. वीटभट्टीवरच्या साच्यात आधी बारीक रेती भुरभुरतात. ओला चिखल लाकडाला न लागता रेतीवर सरकून खाली पडतो. तिथे साचा आणि माती यांच्या मध्ये तिसरे काही असते. उदगीरच्या पलीकडे बीदरला बिदरीचे काम चालते. जस्तात थोडे तांबे मिसळून त्याचा रस मातीच्या साच्यात ओततात, आणि धातू थिजला की माती मोडून टाकतात. तिथे वस्तूसाठी साचा आपला जीव देतो. आणि मग हा प्लॅस्टिकचा साचा, जो उघडत नाही, काही शोषत नाही, मोडतही नाही. ओतले तेव्हा होता तसाच तो शेवटी राहतो. बदलायचे ते सगळे आतल्या वस्तूने. 'साचेबद्ध' हा शब्द आपण दूषण म्हणून वापरतो तेव्हा आपल्या मनात बहुधा हाच एक साचा असतो, आणि आपण तो गाठींच्या आणि विटांच्या साच्यांनाही लावतो.

वाङ्मयातही असे निरनिराळे साचे आहेत असे मला वाटते. केशवसुतांनी १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहिली आणि चौदा ओळींचे इंग्रजी सॉनेट मराठीत आले, असे आपण शिकवतो. पण त्या चौदा ओळींबरोबर इंग्रजीचा आघात इकडे आला नाही, येऊ शकतही नव्हता, कारण मराठी पद्याची घडण लघु-गुरूंवर आहे. पुढे सुनीत रुळले ते प्रामुख्याने शार्दूलविक्रीडितासारख्या वृत्तांत. म्हणजे साचा आला, पण त्यात ओतायचे तेल इथलेच होते, आणि त्या तेलाला सुटण्यासाठी साच्याला आतून दुसरा हात द्यावा लागला. गझलेचे तेच. माधव जूलियनांची 'गज्जलांजलि' १९३३ची. तिथपासून सुरेश भटांपर्यंतचा जो काळ गेला, तो मला आता साच्यात साबण आळण्याचा काळ वाटतो. त्या मधल्या वर्षांतल्या गझला पाहताना कुठे काफिया ओढून आणलेला दिसतो, कुठे कडा फाटलेली दिसते. विद्यार्थी त्याला अपयश म्हणतात. मला तो शब्द आता पुरेसा वाटत नाही. आत काहीतरी बदलत होते आणि अजून पाणी उडायचे होते.

नांदेडला रूपाचा विचार करताना नरहर कुरुंदकरांची आठवण टाळता येत नाही. ते पीपल्स कॉलेजात शिकवत, पुढे तिथे प्राचार्य झाले, आणि १९८२ साली गेले तेव्हा पन्नाशीतही पुरते आलेले नव्हते. मराठी कादंबरीवरच्या त्यांच्या पुस्तकाचे नाव 'धार आणि काठ'. या नावात रूपाची जी कल्पना सुचते ती साच्याची नाही. धारेला काठ असतात, पण तळाशी आणि तोंडाशी ती मोकळी असते. काठ धारेला वळण देतात आणि धार काठ झिजवते. आशय ओतला आणि रूप तयार, अशी जी सोपी कल्पना आपल्या वर्गांत चालते, तिला हे एक नावसुद्धा पुरेसे उत्तर आहे. मराठी समीक्षेने 'फॉर्म'साठी 'घाट' हा शब्द घेतला तोही मडक्याच्या, दागिन्याच्या घाटावरून. तो हाताखाली येत जातो. तो कुठून विकत आणता येत नाही.

मावशीने यातले काही वाचलेले नाही. तिने जे केले ते असे. आंब्याच्या जुन्या खोक्याच्या फळ्यांची तिने एक उथळ पेटी करून घेतली, आत कागद घातला, आणि करडईचे सगळे मिश्रण त्यात एकत्र ओतले. वर वाकळ. आठ दिवसांनी कागद धरून सबंध लादी उचलली. कागद लाकडापासून सुटला आणि साबणापासूनही. मग पातळ तारेने तिच्या वड्या पाडल्या. "बेसनाच्या वड्या का आपुन साच्यात करताव?" असे तिने गटाला विचारले. थापायचे आणि कापायचे. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की मराठीने साबणाला पूर्वीपासून 'वडी'च म्हटले आहे. साबणाची वडी. कारखान्यातून, छाप मारून, कागदात गुंडाळून आलेल्या साबणालासुद्धा आपण हाच शब्द लावला, स्वयंपाकघरातला, कापलेल्या वस्तूचा. शब्द जवळच होता. त्याच्यातली कृती आम्ही विसरलो होतो.

याने सगळे सुटले असे मात्र सांगता येत नाही. कापलेली वडी प्रदर्शनात गुलाबापुढे फिकी दिसते. संक्रांतीला हळदीकुंकवाचे वाण म्हणून लुटायला बायकांना छोटे गुलाब आणि बदामच हवे असतात, आणि शंभर-शंभरांची मागणी त्यांचीच येते. अंगाचा साबण रीतसर विकायचा तर परवाना लागतो, त्याचे कागद निराळे, खर्च निराळा. गटाने शेवटी दोन वह्या केल्या. एका वहीत खोबरेल आणि पाम, साचे, वाणाचे गुलाब. ते आता एका रात्रीत सुटतात आणि त्यावर गटाचे चालते. दुसऱ्या वहीत करडई, लाकडी पेटी, साध्या वड्या. दुसरी वही मावशीची. तिच्यात वर्षाकाठी पाने फार भरत नाहीत. तरुण मुलीने तिला अर्धे खोबरेल मिसळून पाहायला सांगितले, तेही तिने एका लादीला केले. वडी घट्ट झाली, फेस वाढला. मावशीने ती मान्य केली, आणि पुढची लादी पुन्हा नुसत्या करडईची ओतली. हट्ट म्हणावा तर तिने दुसऱ्या कोणाचे काही अडवले नाही. वाटा म्हणावा तर तिने तो मागितला नाही. मामाला जेव्हा कळले की डब्यातले अर्धे तेल साबणात जाते, तेव्हा तो आधी रागावला. खायचे तेल असे कोणी नासते का, असे म्हणाला. मग पुढच्या रब्बीत त्याने ओळी चाराच्या सहा केल्या. या दोन ओळींचा अर्थ काय लावायचा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बहीण-भावांत जे सह्यांनी मिटले असे धरले गेले होते ते पुरते मिटलेले नव्हते, एवढे मात्र त्यावरून दिसते.

वर्गात शिकवताना आता 'साचेबद्ध' हा शब्द आला की मी विद्यार्थ्यांना काही प्रश्न विचारते. साचा कशाचा आहे, लाकडाचा, मातीचा की प्लॅस्टिकचा? आत ओतलेले तेल कुठले? मध्ये काही लावले होते का? आणि किती दिवस ठेवले होते? पहिल्यांदा ते हसतात. पण एखादा विद्यार्थी मग सुनीताकडे किंवा नवकथेच्या एखाद्या जुन्या नमुन्याकडे परत जातो आणि कडा फाटल्या आहेत त्या नेमक्या कुठे, हे शोधू लागतो. ठरीव निवाड्यापेक्षा हा शोध मला अधिक उपयोगी वाटतो. उत्तरपत्रिकेत त्याला गुण किती मिळतील ते सांगता येत नाही.

मावशीच्या वड्या माझ्याकडे लातूरला येतात. नांदेडला तिच्या नळाला गोदावरीचे, विष्णुपुरीच्या जलाशयाचे पाणी येते. तिथे या वडीला बऱ्यापैकी फेस येतो. लातूरला आमचा आधार बोअरच्या जड पाण्याचा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते ते हेच शहर, आणि त्या उन्हाळ्यात बादलीभर पाण्यात साबण लावावा की नाही असा प्रश्न घराघरांत होता. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात, फेसाऐवजी सायीसारखा पांढरा थर येतो, आणि करडईची वडी तर आधीच कमी फेसाची. एकाच लादीतल्या दोन वड्या, कदाचित शेजारशेजारच्या, साडेतीन तासांच्या एस.टी.च्या अंतरावर इतक्या वेगळ्या वागतात. मी हे मावशीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, वडी कोरड्या जागी ठेव, पाणी तापवून घे, आणि फेसाकडं बघू नको, अंग निघालं का ते बघ.

अंग स्वच्छ निघते.